बाकड्यावर बसलेली आई

कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागात जा. लेबर रूमच्या दाराबाहेर एक लोखंडी बाकडं असतं आणि त्यावर कुणाची तरी आई बसलेली असते. मांडीवर पिशवी. पिशवीत धुऊन मऊ केलेले जुन्या साडीचे तुकडे, टोपडं, चहाचा थर्मास, डब्यात मऊ भात. आतून ओळखीच्या आवाजात आरोळी आली की ती उठून दाराशी जाते, ‘मावशी, बाहेर बसा’ ऐकते आणि परत येऊन बसते. नऊ महिने जिने ‘जेवलीस का, पाय सुजलेत का’ म्हणून लेकीचा पिच्छा पुरवला, तिला नेमकी लेक अडलेली असताना बाहेर बसवलेलं असतं. मला या प्रकरणात त्या आईला आत न्यायचं आहे.

बाळंतपणं घरी व्हायची तेव्हा ही वेळ येत नसे. बाळंतिणीच्या खोलीत सुईण असायची, आई असायची, एखादी आत्या, शेजारची चार लेकरांची आई असायची. कुणी कंबर दाबायचं, कुणी पाणी तापवायचं, कुणी नुसतंच ‘होतंय गं, होतंय’ म्हणत उशाशी बसायचं. पण त्या खोलीचे गोडवे गाताना जरा थांबायला हवं. मूल आडवं आलं तर तिथे इलाज नव्हता. वार अडकली, रक्त थांबेना, तर गाडी जुंपेपर्यंत सगळं संपलेलं असायचं. नाळ कापायला विळा किंवा जुनं पातं, आणि त्यातून बाळाला धनुर्वात. ‘त्यांची पहिली बायको बाळंतपणात गेली’ हे वाक्य आपल्या आजी-पणजीच्या पिढीत जवळजवळ प्रत्येक घरात होतं.

ते वाक्य आता दुर्मीळ झालं, ते दवाखान्यामुळे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात शंभरातली जवळपास पंचाण्णव बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे राज्यात ३३ मातांचे मृत्यू झाले. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. घराकडून दवाखान्यात येताना बाईला रक्ताची पिशवी मिळाली, भूल मिळाली, सिझेरियन मिळालं. फक्त हातातला हात तेवढा घरी राहिला.

हा हात म्हणजे केवळ मायेची गोष्ट आहे, त्यात औषध काही नाही, असं डॉक्टरांनाही बराच काळ वाटत होतं. १९८० साली ग्वाटेमालामधल्या एका अभ्यासाने त्याला पहिला मोठा धक्का दिला. तिथल्या गर्दीच्या सरकारी रुग्णालयात बायका एकट्याच कळा देत असत. नातेवाइकांना आत सोडत नसत. रॉबर्टो सोसा, जॉन केनेल, मार्शल क्लाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही पहिलटकरणींजवळ एकेक बाई बसवली. ती ना नर्स, ना नात्यातली. तिने फक्त पाठ चोळायची, हात धरायचा, बोलत राहायचं आणि बाळ होईपर्यंत उठून जायचं नाही. ज्यांचं बाळंतपण गुंतागुंतीविना पार पडलं, त्यांचे तास मोजले. एकट्या बायकांना दवाखान्यात आल्यापासून मोकळं व्हायला सरासरी १९ तासांहून जास्त वेळ लागला. सोबत असलेल्यांना ९ तासांहूनही कमी. बाळ झाल्यावर या दुसऱ्या बायका जास्त वेळ जाग्या राहिल्या, बाळाकडे बघून जास्त हसल्या, त्याला जास्त कुरवाळलं. अभ्यास लहान होता, जेमतेम चाळीस बायकांचा. पण तास निम्म्यावर आले ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती.

मला स्वतःला त्याहून अधिक हलवून गेला तो अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा अभ्यास. केनेल आणि क्लाउस यांच्याच गटाने तो १९९१ साली प्रसिद्ध केला. यात एक तिसरा गटही होता. पहिल्या गटातल्या बायकांजवळ सोबतीण होती. दुसऱ्या गटात खोलीच्या कोपऱ्यात एक निरीक्षक बाई वही घेऊन बसायची. तिने बोलायचं नाही, हात लावायचा नाही. तिसऱ्या गटाला रुग्णालयाची नेहमीची सेवा. तिसऱ्या गटात १८ टक्के बायकांचं सिझेरियन झालं, सोबतीण असलेल्या गटात ८ टक्के. आणि कोपऱ्यात नुसती कुणी तरी बसलेली असताना? १३ टक्के. एक शब्द न बोलता, केवळ खोलीत माणूस आहे एवढ्यानेच फरक पडला. जुन्या बायका ‘तिच्याजवळ नुसतं बसून तरी राहा’ म्हणायच्या, त्यात केवढा अर्थ होता ते इथे कळतं.

पुढे असे अभ्यास अनेक देशांत झाले. २०१७ साली कॉक्रेन या संस्थेने १७ देशांमधल्या २६ चाचण्या एकत्र तपासल्या; त्यांत पंधरा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. कळांच्या वेळी सतत सोबत असलेल्या बायकांची नैसर्गिक प्रसूती होण्याची शक्यता जास्त, सिझेरियन कमी, वेदनाशामक औषधांची गरज कमी, कळांचा काळ थोडा लहान, आणि ‘माझं बाळंतपण वाईट गेलं’ असं म्हणणाऱ्या बायकाही कमी. अपाय एकही आढळला नाही. ज्या उपायाला अपाय नाही, खर्च नाही आणि गुण इतके आहेत, असा दुसरा उपाय प्रसूतिशास्त्रात मला तरी माहीत नाही.

हे घडतं कसं? शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना यातलं अर्धं उत्तर ठाऊक असतं. गाय व्यायला झाली की गोठ्यात गर्दी करू देत नाहीत, पोरांना हुसकतात, परक्या माणसाला तर फिरकूही देत नाहीत. गाय बुजली की तिच्या कळा लांबतात. नाइल्स न्यूटन या अमेरिकी संशोधक बाईंनी १९६०च्या दशकात उंदरांवर हेच पाहिलं: विणाऱ्या माद्यांची जागा वारंवार बदलली, त्यांना त्रास दिला, की पिल्लं होण्याला उशीर व्हायचा.

कळा आणणारं मुख्य संप्रेरक म्हणजे ऑक्सिटोसिन. हेन्री डेल यांना १९०६ साली त्याचा माग लागला. व्हिन्सेंट ड्यू व्हिन्यो यांनी १९५३ साली ते प्रयोगशाळेत तयार केलं आणि दोनच वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ते झिरपतं. बाळाचं डोकं गर्भपिशवीच्या तोंडावर दाबलं जातं, तिथून मेंदूला निरोप जातो, आणखी ऑक्सिटोसिन सुटतं, कळ आणखी जोरात येते, डोकं आणखी खाली सरकतं. हे चक्र एकदा लयीत आलं की बाळंतपण पुढे जातं. पण बाई घाबरली की अंगात अ‍ॅड्रेनॅलिन उसळतं. त्याचं काम पळायला आणि लढायला रक्त पुरवण्याचं. गर्भाशय त्याच्या हिशेबी मागे पडतं. कळा विस्कळीत होतात, स्नायू आवळतात, दुखणं वाढतं, दुखणं वाढलं की भीती वाढते. परकी खोली, डोळ्यांत जाणारा ट्यूबलाइट, शेजारच्या टेबलावरची किंकाळी, ‘ओरडू नको’ म्हणून बसलेला दम: यातलं प्रत्येक त्या अ‍ॅड्रेनॅलिनमध्ये भर घालतं. ओळखीचा आवाज ते उतरवतो. सोबत कामाला येते ती अशी, शरीराच्या आत शिरून.

डब्लिनची एक हकिगत या संदर्भात सांगायलाच हवी. तिथल्या नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटलमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. कीरन ओड्रिस्कॉल यांनी पहिलटकरणींसाठी एक शिस्तबद्ध पद्धत बसवली. पाणमोट लवकर फोडायची, कळा मंद असतील तर ऑक्सिटोसिनचं सलाईन लावायचं, आणि कळा सुरू झाल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक बाईजवळ एक सुईण-नर्स बसवायची. लांबणारी बाळंतपणं कमी झाली. जगभरच्या रुग्णालयांनी ती पद्धत उचलली. पण उचललं काय? पाणमोट फोडणं उचललं, सलाईन उचललं आणि जवळ बसणारी नर्स तेवढी डब्लिनलाच राहू दिली. आपल्याकडेही ‘कळांचं सलाईन’ तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचलं. ऑक्सिटोसिन हे मोलाचं औषध आहे. बाळ झाल्याबरोबर मांडीत दिलेलं त्याचं इंजेक्शन रक्तस्राव आवरतं आणि बायकांचे जीव वाचवतं. पण एकट्या, भेदरलेल्या मुलीच्या कळा मंदावल्या म्हणून आधी बाटली टांगायची आणि तिच्या आईला बाहेरच ठेवायचं, हा क्रम मला उलटा वाटतो.

माझ्या धाकट्या भावाच्या बायकोच्या वेळी मी ही सोबत स्वतः केली. तालुक्याच्या ठिकाणचं रुग्णालय, पावसाळ्याची रात्र. तिची आई दमेकरी, म्हणून मी आत गेले. सिस्टरांनी तपासून ‘तीन बोटं उघडलंय, वेळ आहे’ म्हणून सांगितलं आणि त्या दुसऱ्या टेबलाकडे वळल्या. पहिल्या तासात मी फार बोलले. धीर धर, देवाचं नाव घे, सगळ्यांनाच होतं हे. तिने शेवटी डोळे मिटून घेतले. मग कळलं की बोलण्याची जागा कळ ओसरल्यानंतर असते. कळ चढत असताना तिला शब्द नको असतात. तेव्हा फक्त हात, आणि एकच एक लांब श्वास तिच्याबरोबर आपणही सोडायचा. नाकाने आत, तोंडाने फुंकर घातल्यासारखा बाहेर. दहा-बारा कळांनंतर ती माझ्याकडे न बघताच माझ्या श्वासाबरोबर श्वास घ्यायला लागली.

तिचं सगळं दुखणं कमरेत होतं. बाळाचं डोकं आईच्या पाठीकडे तोंड करून असण्याऐवजी पोटाकडे तोंड करून बसलं की त्याच्या डोक्याची मागची टणक बाजू माकडहाडावरच्या त्रिकास्थीवर दाबते, आणि कळ कमरेतून फुटून निघाल्यासारखी वाटते. चोळण्याने त्यात भागत नाही. मुठीने किंवा तळहाताच्या उंचवट्याने नितंबाच्या फटीच्या जरा वर, मधोमध, कळ चालू आहे तोवर एका जागी जोर देऊन दाबून धरायचं. ‘ताई, खाली, अजून खाली… हां, तिथंच, सोडू नका,’ असं ती म्हणाली तेव्हा मला जागा सापडली. दोन तासांनी माझी मनगटं भरून आली. मी उभी राहून, कोपर कमरेला टेकवून, अंगाच्या वजनाने दाबायला लागले. सुईणी हे असंच करत असणार, मनाशी आलं.

मधल्या वेळात तिला उठवून चालवलं. बऱ्याच ठिकाणी बाईला कळा सुरू झाल्या की पाठीवर आडवं करून ठेवतात, आणि ते चुकीचं आहे. उताणं झोपल्यावर भरल्या पोटाचं ओझं कण्याशेजारच्या मोठ्या नीलेवर येतं, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, बाईला घेरी येते आणि बाळाचाही पुरवठा घटतो. म्हणून झोपायचंच असेल तर डाव्या कुशीवर. उभं राहणं, चालणं, खुर्चीची पाठ धरून पुढे वाकणं यांत पृथ्वीचं ओढणंही कामाला येतं. सुरुवातीच्या टप्प्यात चालत्या-फिरत्या राहिलेल्या बायकांचा तो टप्पा सव्वा तासाहून अधिक कमी होतो, असं चाचण्यांमध्ये दिसलेलं आहे. तोंडाला काही लावू द्यायचं नाही ही समजूतही जुनी झाली. ज्यांना धोका नाही अशा बायकांनी कळांच्या काळात पातळ-हलकं खायला-प्यायला हरकत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या मार्गदर्शिकेत सांगितलं आहे. आम्ही तिला दर अर्ध्या तासाला मीठ-साखरेचं लिंबूपाणी पाजलं आणि एकदा तांदळाची पेज. ती घामाने निथळत होती. तोंड कोरडं पडलं की धीरही सुटतो.

त्याच मार्गदर्शिकेत वेळेबद्दल जे म्हटलं आहे ते प्रत्येक घराने ऐकावं असं आहे. तासाला एक सेंटिमीटर या वेगाने पिशवीचं तोंड उघडलंच पाहिजे, हा हिशेब १९५०च्या दशकात इमॅन्युएल फ्रीडमन यांनी काढलेल्या आलेखावरून रूढ झाला. आता संघटना म्हणते की खऱ्या जोमाच्या कळा पाच सेंटिमीटरनंतर धराव्यात, आणि त्यानंतरही बऱ्याच निरोगी बायकांचा वेग याहून कमी असू शकतो. आई आणि बाळ ठीक असतील तर नुसतं घड्याळ बघून घाई करू नये. ही घाई बाहेरूनही होते हे विसरता कामा नये. बाकड्यावरचा नवरा, सासरा दर वीस मिनिटांनी ‘अजून कसं होत नाही’ म्हणून विचारत राहिले की आतल्या डॉक्टरवर त्याचा दाब येतोच. सोबत करणाऱ्या बाईनेही तोंड पूर्ण उघडायच्या आधी ‘लाव जोर, लाव जोर’ करू नये. त्याने बाई थकते आणि तोंडाला सूज येते. वरून पोट दाबणं तर कुणीच करू नये, घरच्यांनीही नाही आणि दवाखान्यानेही नाही.

या सोबतीला सरकारी मान्यता नाही, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. तामिळनाडूने २००४ सालीच सरकारी रुग्णालयांत हे सुरू केलं. केंद्र सरकारने २०१६ साली सगळ्या राज्यांना कळवलं की सरकारी प्रसूतिगृहांत बाईबरोबर एका नातेवाईक बाईला आत थांबू द्यावं. अटी साध्या आहेत. शक्यतो तिचं स्वतःचं बाळंतपण झालेलं असावं, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, पूर्ण वेळ थांबायची तयारी असावी, कर्मचाऱ्यांच्या कामात लुडबूड नको, दुसऱ्या बाईकडे लक्ष घालायला जाऊ नये. २०१७च्या अखेरीस आलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही लेबर रूमच्या दर्जाची मोजदाद करताना सोबतिणीचा विचार होतो. तरीही दार उघडत नाही, त्याची कारणं खरी आहेत. एका खोलीत तीन-चार टेबलं, मध्ये पडदा नाही. एकीची आई आत आली की दुसरीची लाज उघडी पडते. रात्रपाळीला एक सिस्टर आणि तिच्यापुढे पाच बायका. तिला वाटतं, आणखी माणसं म्हणजे आणखी कटकट. प्रत्यक्षात पाणी पाजणारी, कूस बदलून देणारी, घाबरलेलीला सावरणारी बाई आत असली की सिस्टरचेच हात मोकळे होतात. पडदे लावायला फार पैसा लागत नाही. नववा लागला की तपासणीच्या वेळी सिस्टरांना किंवा आशाताईंना विचारून ठेवा: आत कोण येऊ शकेल? ऐन वेळी दारात वाद घालण्यापेक्षा हे बरं.

आत कोण, हे मात्र बाळंत होणारीने ठरवावं. आईच असली पाहिजे असं नाही. काही आया लेकीची कळ बघून स्वतःच रडायला लागतात, आणि ती भीती लेकीला लागते. सासू जवळची असेल तर सासू, नाहीतर मोठी बहीण, मैत्रीण. खासगी रुग्णालयांत हल्ली नवराही आत असतो. जो नवरा पाठ दाबायला आणि गप्प राहायला शिकून येतो, त्याच्यासारखी सोबत नाही. इंग्रजीत या कामासाठी ‘डूला’ हा शब्द आला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दासी. डेना राफेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ साली तो बाळंतिणीला मदत करणाऱ्या बाईसाठी वापरला. आपल्याकडे त्यासाठी नवा शब्द शोधावा लागत नाही. ‘सोबतीण’ पुरेसा आहे.

सोबत कळांपासूनच सुरू होते असंही नाही. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट अशा भागांत पावसाळ्यात ओढे-नाले भरले की गाव तुटतं. तिथल्या आरोग्य केंद्रांशेजारी ‘माहेरघर’ उभारलं गेलं, ते दिवस भरत आलेल्या बाईने आधीच येऊन राहावं म्हणून. बरोबर घरचं माणूस आणि धाकटं मूलही आणायची मुभा. ज्याने कुणी हे नाव सुचवलं, त्याला बाईचं मन कळत होतं. लेकरू मागे रडत असेल तर कुठली बाई आठ दिवस आधी येऊन राहील? घरातली सोबत याहून साधी असते. लोहाची गोळी तिने चहाबरोबर न घेता लिंबू पिळलेल्या वरणभातानंतर घेतली ना, कॅल्शियमची वेगळ्या वेळी घेतली ना, हे कुणी तरी बघावं. तोंडावर सूज, कपाळ फाटेल असं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, अंगावर रक्त जाणं, बाळाचं फिरणं कमी होणं, कळांविना पाणी जाणं यांतलं काहीही दिसलं तर ‘सकाळी बघू’ म्हणू नये. त्याच रात्री गाडी काढावी.

बाळ झाल्यावर सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं: मुलगा की मुलगी, वजन किती, कुणावर गेलं. सोबतिणीने तेव्हा आईकडे बघावं. पहिले दोन तास सर्वांत जोखमीचे. पॅड भराभर भिजतंय, अंगाला गार घाम सुटलाय, ‘अंधारी येतेय’ म्हणतेय, तर सिस्टरला तत्काळ हाक मारायची. संकोच करायचा नाही. बाळ तिच्या उघड्या छातीवर ठेवून वर पांघरूण घालावं आणि पहिल्या तासाच्या आत चिकाचं दूध पाजावं. तो पिवळसर चीक कित्येक घरांत अजून पिळून टाकतात आणि बाळाला मध चाटवतात. बाळाला रोगांपासून राखणारी प्रथिनं त्या चिकात असतात. घरी गेल्यावरचा तेलाचा हात, विश्रांती, डिंकाचे लाडू, आळिवाची खीर राहू द्या, छान आहेत. पण बंद खोलीतली धुराची शेगडी नको, आणि बाळंतिणीचं पाणी तोडणं तर मुळीच नको. तिला दूध यायचंय.

माझ्या भावजयीचं बाळ पहाटे साडेचारला झालं. त्याआधी तासभर शेजारच्या टेबलावर एक मुलगी आणली होती. अठरा-एकोणीस वर्षांची. पहिलटकरीण. प्रत्येक कळेला ती टेबलाची लोखंडी कड धरायची आणि आमच्याकडे बघायची, माझ्या हाताकडे. मला तिच्याजवळ जायची मुभा नव्हती, आणि ती अट बरोबरच आहे. मी सिस्टरांना म्हटलं, हिचं कुणी बाहेर असेल ना? त्यांचे दोन्ही हात भरलेले होते. क्षणभर त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं, मग कोपराने दार ढकललं आणि बाहेर हाक दिली, “हिची आई कोण हो? हातपाय धुऊन आत या.”

बाकड्यावरून एक बाई उठली. पिशवी खाली पडली, त्यातला डबा घरंगळत भिंतीपर्यंत गेला. तो तिने उचललाही नाही.